कात्री, डिंक आणि गिटार



भीमजयंतीच्या तयारीची बैठक म्हटली म्हणजे तिचे विषय ठरलेलेच असतात. मिरवणूक किती वाजता निघणार, खिरीला दूध किती लिटर, वाजंत्री कुठली आणि बॅनर किती फूट बाय किती फूट. मानोऱ्यातील आमच्या वस्तीच्या उत्सव समितीची खजिनदारी गेली काही वर्षे आमच्याकडे आहे. बी.कॉम. झालेला माणूस दिसला की हिशेबाची वही त्याच्याच मांडीवर येते. आम्ही विहारातील एका खांबाला टेकून आकडे लिहीत बसतो, वादात सहसा पडत नाही. यंदा मात्र बॅनरच्या विषयावर बैठक अशी काही अडली, की आम्हाला वही मिटावी लागली.

झाले असे. वस्तीतला एक मुलगा, वय असेल एकोणीस-वीस, खोक्यांचे पुठ्ठे जोडून केलेला एक मोठा फलक घेऊन बैठकीत आला. तो आमच्यापुढे उभा केला तेव्हा सगळे गप्प झाले. फलकावर बाबासाहेबांचा चेहरा होता आणि तो सारा जुन्या वर्तमानपत्रांचे तुकडे फाडून, चिकटवून केलेला. चष्म्याची चौकट कुठल्याशा निविदेच्या जाहिरातीची, कोट शाळेच्या निकालाच्या कागदाचा. खाली चार शब्द होते : शिष्यवृत्ती नेमकी कुठे अडली? त्यातले एकही अक्षर दुसऱ्यासारखे नव्हते. 'शि' बिस्किटाच्या पुड्यावरून कापलेला, 'वृ' वृत्तपत्राच्या मथळ्यातून, 'कु' कुठल्या तरी लग्नपत्रिकेतल्या कुलवृत्तांतातून. एक मोठे, एक बारीक, एक लाल, एक काळे.

"हे काय खंडणीचं पत्र हाय काय रे बाप्पा?" मागून एक म्हातारे बाबा म्हणाले आणि सभा खो-खो हसली.

हसण्यावर भागले नाही. कुणी म्हणाले, बाबासाहेबांचा चेहरा रद्दीचा करतात का. कुणी म्हणाले, पाहुणे येणार, तहसीलची परवानगी लागते, त्यात हा प्रश्न कशाला. सचिवांनी दरवर्षीचा फ्लेक्स पुढे केला : मधे बाबासाहेब, एका बाजूला तथागत आणि खाली देणगीदारांचे व पुढाऱ्यांचे बारा-पंधरा चेहरे. आमचे मत विचारले गेले. खरे सांगतो, आम्हीही त्या दिवशी मुलाच्या बाजूने बोललो नाही. आम्ही एका कचेरीत कारकून आहोत. 'अडली' हा शब्द आम्हाला रोज ऐकावा लागतो, आणि तो फलकावर लिहिलेला पाहून आमच्याच पोटात गोळा आला. मुलाने फलक उचलला आणि काही न बोलता निघून गेला.

संध्याकाळी त्याची आई आमच्या घरी आली. शेतमजुरी करून दोन लेकरे वाढवणारी बाई. ती म्हणाली, "भाऊ, तुमी शिकलेले हा, पोट्ट्याले समजावून सांगा जी. फ्लेक्सच्या दुकानातलं काम सोडलं त्यानं. रातभर कानात वायर घालून थे विंग्रजी बोंबाबोंब आयकते आन् कागदं कापत बसते. दिवाळीनंतर पुण्याले मामाकडे कंपनीत पाठवाचं म्हनतो, तं नाई म्हनते." मुलीची शिष्यवृत्ती आली नाही हे तिने सांगितले नाही. ते आम्हाला आधीच ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी समजूत घालायला म्हणून आम्ही गेलो आणि समजून घेऊन परत आलो. मुलाने आमच्या कानात ती वायर घातली. "काका, आयकून तं पाहा." कढईत मूठभर खिळे टाकून कढई हलवावी तसा तो आवाज! दोन मिनिटांत गाणे संपले देखील. आम्ही म्हटले, अरे, यांना तर सूरही लागत नाही. तो म्हणाला, "थेच तं काका. त्याहीले वाजवता येतच नव्हतं. तरी वाजवलं."

या गाण्याला पंक म्हणतात. आमच्या मराठीच्या गुरुजींनी पंक म्हणजे चिखल असे शिकवले होते, आणि त्यात उगवते म्हणून कमळाला पंकज म्हणायचे. इंग्रजीतला हा शब्द वेगळा आहे. तिकडे तो टवाळ, उनाड पोराला हिणवण्याचा शब्द होता, आणि त्या पोरांनी तो स्वतःच कपाळावर लावून घेतला. मुलाकडून ऐकले, मग स्वतःही बरेच वाचून काढले. त्यातले जे आम्हाला आपल्या उपयोगाचे वाटले तेवढे येथे मांडतो.

साल १९७६, देश इंग्लंड. ज्या साहेबाने जगावर राज्य केले त्याची तिजोरी त्या वर्षी इतकी रिकामी झाली, की त्याला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे जाऊन ३.९ अब्ज डॉलरच्या कर्जासाठी हात पसरावा लागला. बेकारांची संख्या दहा लाखांच्या वर गेली. कामगार वस्त्यांतील पोरांना ना नोकरी, ना पुढची आशा. रेडिओवर जी गाणी लागत ती मोठमोठ्या कंपन्यांची, लाखोंच्या यंत्रसामग्रीवर तयार केलेली. तेव्हा काही पोरांनी जुनीपानी गिटारे घेतली, तीन सूर शिकले आणि उभे राहिले. 'सेक्स पिस्टल्स', 'द क्लॅश' ही त्यांतली गाजलेली नावे. पहिल्याचे नाव आमच्या घरच्या पानात छापावे की नाही याचा आम्ही विचार केला, पण नाव बदलून इतिहास सांगता येत नाही.

आम्हाला सर्वात आपुलकी वाटली ती मार्क पेरी नावाच्या एका मुलाविषयी. तो गाणारा नव्हता. तो बँकेत कारकून होता! वय एकोणीस. हे नवे गाणे त्याने ऐकले, आणि त्यावर कुठल्याच मासिकात धड लिहून येत नाही असे पाहून १९७६ च्या जुलैत त्याने स्वतःच एक पत्र काढले. टंकयंत्रावर मजकूर ठोकला, मथळे जाड पेनाने हाताने लिहिले, चुकले तेथे खोडले आणि झेरॉक्स काढून पाने टाचली. पहिल्या अंकाच्या अवघ्या पन्नासेक प्रती. वर्षभरात हेच पत्र हजारोंनी खपू लागले. खाडाखोड, वाकड्या ओळी सगळे तसेच छापलेले. पाहणाऱ्याला वाटे, एवढे तर मलाही जमेल, आणि खरोखर गावोगावच्या पोरांनी तशी पत्रे काढली. कारकुनाने पुढे बँक सोडली. आम्ही काही नोकरी सोडणार नाही, आमच्या सौभाग्यवतींनी हा मजकूर वाचून काळजी करू नये.

चित्रकलेचा संबंध येथूनच सुरू होतो. जेमी रीड हे कलाशाळेत शिकलेले चित्रकार. १९७० पासून ते लंडनच्या एका उपनगरात लहानसा छापखाना चालवीत आणि मोहल्ल्यातील प्रश्नांवर पत्रके छापीत. अक्षरांचे महागडे ठसे घ्यायला पैसे नसत, म्हणून वर्तमानपत्रातून अक्षरे कापून चिकटवायची. पुढे त्यांनी 'सेक्स पिस्टल्स'च्या तबकड्यांची वेष्टने याच रीतीने केली. १९७७ साली राणीच्या राज्यारोहणाला पंचवीस वर्षे झाली म्हणून इंग्लंडभर सोहळे चालले होते. त्याच वेळी या पोरांचे राणीवरचे गाणे आले. वेष्टनावर राणीचे अधिकृत छायाचित्र, निळ्या-चंदेरी रंगात. मात्र डोळ्यांवर आणि तोंडावर पट्ट्या, आणि त्या पट्ट्यांत खंडणीच्या पत्रासारखी कापलेली अक्षरे. बी.बी.सी.ने ते गाणे लावायला नकार दिला. तरी ते खपले, आणि ते चित्र आज जगाच्या कलेच्या इतिहासात गेले आहे. जेमी रीड २०२३ मध्ये वारले.

आमच्या बैठकीतल्या म्हाताऱ्या बाबांनी हे काहीही न वाचता एका वाक्यात बरोबर ओळखले होते. खंडणीचे पत्र! फरक एवढाच, की आमच्या मुलाला कुणाकडून खंडणी नको होती. बहिणीचे हक्काचे पैसे हवे होते.

आणखी एक नाव सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. डॉन लेट्स. जमैकाहून आलेल्या कृष्णवर्णीय आईबापांचा लंडनमध्ये जन्मलेला मुलगा. कपड्यांच्या दुकानात काम करी आणि रात्री रॉक्सी नावाच्या क्लबात तबकड्या लावी. पंकच्या तबकड्या तेव्हा फारशा निघालेल्याच नव्हत्या, म्हणून हा गोऱ्या पोरांना आपल्या जमैकन लोकांची रेगे गाणी ऐकवायचा. आजूबाजूचा जो तो गिटार उचलत होता. याने विचार केला, गिटारवाले पुष्कळ झाले, आपण दुसरे काही उचलू. त्याने छोटा सुपर-आठ कॅमेरा उचलला. शिक्षण नाही, गुरू नाही. समोर जे घडत होते ते टिपत गेला आणि १९७८ मध्ये त्याचा चित्रपट तयार झाला. पुढे तो नामांकित दिग्दर्शक झाला. १९७६ च्या नॉटिंग हिलच्या दंगलीत पोलिसांच्या रांगेकडे एकटाच चालत जाणाऱ्या एका काळ्या तरुणाचे छायाचित्र 'द क्लॅश'च्या एका तबकडीवर आहे. तो तरुण हाच.

गाणे चित्रकाराला काय देते, याचे आमच्या मते हे उत्तर आहे. विषय देत नाही, शैलीही देत नाही. परवानगीची वाट पाहण्याची सवय तेवढी मोडते. गाणाऱ्याने सूर येण्याची वाट पाहिली नाही, मग मी ब्रश येण्याची का पाहू, असे पाहणाऱ्याला वाटून जाते. अमेरिकेत बराक ओबामांचे ते लाल-निळे चित्र २००८ साली घरोघर पोचले, ते काढणारे शेपर्ड फेरी हेही पंक ऐकत वाढलेले. रस्त्यावर कागद चिकटवण्यापासून त्यांनी सुरुवात केली.

आता वाचक म्हणतील, विलायतेच्या गोष्टी मानोऱ्यात बसून का सांगता? कारण त्या ऐकताना आम्हाला सारखे वाटत होते, हे तर आपल्या घरातले आहे.

३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला. त्याची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नाही. मग आपले पत्र, आपला आवाज. १९२७ च्या 'बहिष्कृत भारत'चे रकानेच्या रकाने बाबासाहेबांना एकट्याने लिहून काढावे लागले. भीमराव कर्डकांचा जलसा गावोगाव फिरला, त्याला कुठले नाट्यगृह होते? चावडीपुढची जागा, एक बत्ती, ढोलकी आणि कडे करून बसलेली माणसे. तबकडीची कंपनी नाही, वर्तमानपत्रात परीक्षण नाही.

वामनदादा कर्डकांची गोष्ट तर प्रत्येक घरात माहीत असायला हवी. १९२२ साली सिन्नर तालुक्यातील देशवंडीला जन्मलेला हा माणूस तरुणपणी मुंबईत आला तेव्हा त्याला वाचता येत नव्हते. एकाने पत्र वाचून दाखवायला सांगितले आणि वामनदादांना शरमेने रडू कोसळले. मग एका मास्तरांकडून मुळाक्षरे शिकले आणि जोडाक्षरे शिकले ती दुकानांवरच्या पाट्या वाचून. त्या पाट्या रंगवणारे पेंटर कोण होते हे कुणाला ठाऊक नाही. पण आपल्या सर्वात मोठ्या गीतकाराला अक्षर दिले ते पाट्या रंगवणाऱ्या हातांनी. आपल्याकडे गाणे आणि चित्र यांचे नाते असे उलट बाजूनेही जुळलेले आहे.

छापण्याचे म्हणाल, तर आम्ही शाळेत असताना चाचणीचे पेपर सायक्लोस्टाईलवर निघत. स्टेन्सिल कापायची, शाई लावायची, दांडा फिरवायचा. हात काळे आणि वास दिवसभर जात नसे. याच यंत्रावर १९५४ साली मुंबईत 'शब्द' नावाचे अनियतकालिक निघाले होते. त्यात अरुण कोलटकर होते. ते कवी खरेच, पण पोट भरीत ते जाहिरातीतल्या चित्रकलेवर. पुढे साठ-सत्तरच्या दशकात राजा ढाले यांनी 'येरू', 'तापसी', 'चक्रवर्ती' अशी पत्रे काढली. मोठ्या मासिकांच्या संपादकांपुढे हात जोडून उभे राहायचे नाही हा बाणा. ढालेसाहेब चित्रेही काढीत. १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली आणि त्याच वर्षी टॅक्सी चालवलेल्या नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. लंडनच्या पोरांनी गिटार उचलण्याच्या चार वर्षे आधीची ही गोष्ट. नाव नव्हते एवढेच.

आमच्या विदर्भातील चित्रकारांचे उदाहरण घ्यायचे तर नागपूरच्या सवी सावरकरांचे घ्यावे. १९६१ चा जन्म. नागपूरला आणि मग बडोद्याला शिकले, दिल्लीच्या कला महाविद्यालयात शिकवले. त्यांच्या चित्रांत गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधलेला माणूस आहे, मेलेली गाय वाहणारा माणूस आहे, देवदासी आहे. जाड काळी रेघ, ओबडधोबड, जणू घाईने ओरखडलेली. दिवाणखान्यात शोभेल असे त्यात काही नाही. अशी चित्रे विकत कोण घेणार, हा प्रश्न आधी विचारून ती निघालीच नसती. त्यांनी पंक ऐकले म्हणून अशी चित्रे काढली असे आम्ही म्हणत नाही. पण आमच्या मुलाने त्यांची चित्रे मोबाईलवर पाहिली तेव्हा त्याला तोच आवाज ऐकू आला, असे तो म्हणाला.

गाण्याने सरळ चित्राला जन्म दिला याचा आपल्याकडचा दाखला विलास घोगरे यांचा. मुंबईचा हा शाहीर १९८५ च्या आनंद पटवर्धनांच्या 'हमारा शहर' या माहितीपटात गाताना दिसतो. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात आपली दहा माणसे गेली, आणि काही दिवसांतच विलासने आपले जीवन संपवले. ज्याचे गाणे टिपले तो माणूस असा गेला, म्हणून पटवर्धनांनी कॅमेरा उचलला आणि चौदा वर्षे खाली ठेवला नाही. २०११ मध्ये 'जय भीम कॉम्रेड' पुरा झाला. तो वस्त्यावस्त्यांतून पडदे लावून दाखवला गेला. आमच्यापैकी ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी तीन तासांहून जास्त वेळ काढून तो पाहावाच, मात्र लहान लेकरांना झोपवून.

तिकडे चेन्नईत २०१७ साली पा. रंजित आणि तेनमा यांच्या पुढाकाराने 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' नावाचा वाद्यवृंद उभा राहिला. मयताच्या वेळी वाजणारी हलगी-वाद्ये आणि गिटार एका मंचावर. नाव घेतले ते पंडित अयोती दास यांच्या विचारातून, ज्यांनी १८९८ मध्ये, आपल्या दीक्षेच्या अठ्ठावन्न वर्षे आधी, बुद्ध धम्म स्वीकारला. त्याच मंडळींनी पुढे एप्रिल महिन्यात चित्रे, छायाचित्रे, नाटके यांचा उत्सव भरवायला सुरुवात केली. आपल्या मुंबईतही कबीर शाक्य यांच्या 'धम्म विंग्स'ने गिटारावर बुद्ध-भीमगीते गायली आहेत.

पण सगळेच गुणगान करावे असे नाही. लंडनच्या त्या पोरांत काही जण केवळ थोरामोठ्यांना चिडवायला म्हणून हिटलरचे चिन्ह अंगावर मिरवीत. हा पोरकटपणा नव्हे, पाप होते, असे आमचे मत. ज्याच्या घरात त्या चिन्हाने माणसे मेली त्याला तुमची गंमत कशी कळणार? त्यांच्यातल्याच शहाण्यांना ते उमगले. १९७६ मध्ये एका नामांकित गिटारवादकाने भर कार्यक्रमात परदेशी लोकांविरुद्ध गरळ ओकली, तेव्हा रेड सॉन्डर्स नावाच्या छायाचित्रकाराने आणि त्याच्या मित्रांनी वंशद्वेषाविरुद्ध चळवळ उभी केली. 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' हे तिचे नाव. तिची भित्तिपत्रके व पत्र काढणारे चित्रकार पंकच्याच कात्री-डिंकाच्या शाळेतले. ३० एप्रिल १९७८ ला लंडनमध्ये हजारोंचा मोर्चा निघाला आणि शेवटी व्हिक्टोरिया पार्कमध्ये काळे-गोरे वाद्यवृंद एका मंचावर वाजले.

दुसरी गोष्ट पैशाची. या बंडखोरांना कंपन्यांनी लगेच उचलले. फाटके कपडे आणि सेफ्टीपिना महागड्या दुकानांत टांगल्या गेल्या. खजिनदाराला आवडेल असा हिशेब मात्र मँचेस्टरच्या 'बझकॉक्स' या मुलांचा आहे. त्यांनी मित्र आणि घरच्यांकडून ५०० पौंड उसने घेतले आणि १९७७ च्या जानेवारीत स्वतःची तबकडी स्वतःच काढली. १,००० प्रती. वेष्टनावरचा फोटो त्यांच्याच मित्राने झटपट कॅमेऱ्यावर काढलेला. पुढे तिच्या सुमारे १६,००० प्रती खपल्या. याला आपण वर्गणी म्हणतो. हिशेब आपल्या हातात राहिला, म्हणून गाणेही आपल्या हातात राहिले.

आमच्या जयंतीच्या वहीत गेल्या वर्षीचे पान उघडून पाहिले. वर्गणीतला जवळपास चौथा हिस्सा फ्लेक्सवर गेला होता. आमच्या लहानपणी हेच काम वस्तीतला एक पेंटर करी. मांजरपाटाच्या कापडावर निळ, चुना आणि डिंक. आम्ही पोरे डबा धरायला भांडत असू. त्याचे बाबासाहेब थोडे त्याच्या स्वतःच्या वडिलांसारखे दिसत, आणि त्यात कुणाला वावगे वाटत नसे. फ्लेक्स आले आणि त्याचा ब्रश गेला. आज त्या प्लास्टिकची ताडपत्री करून आम्ही पावसाळ्यात कुटार झाकतो. खाली पुढाऱ्यांचे चेहरे, वर पाऊस.

दुसऱ्या बैठकीत आम्ही वही मिटून बोललो. विरोध झालाच. सचिवांचे म्हणणे होते, पाहुणे नाराज होतील. पण खरा आक्षेप त्या म्हाताऱ्या बाबांचा होता आणि तो आम्हाला खोडता आला नाही. ते म्हणाले, "पोरा, तुही कला चांगली हाय. पन मिरवणुकीत वारा सुटला, डिंक सुटला, आन् बाबासायबाच्या चेहऱ्याचा तुकडा रस्त्यावर पडला, त्याच्यावर कोनाचा पाय पडला, तं?"

मुलगा यावर बराच वेळ काही बोलला नाही. आम्हालाही उत्तर नव्हते. लंडनच्या पोरांना राणीचा चेहरा फाडायचा होता. याला आपल्या माणसाचा चेहरा फाटक्या कागदातून जोडायचा होता. दोन्ही कामांना कात्री एकच, पण आपल्या कामात जपायचे जास्त.

शेवटी महिला मंडळाच्या अध्यक्षबाईंनी तोड काढली. चेहरा विहाराच्या आतल्या भिंतीवर लावायचा, काचेखाली. मिरवणुकीत जाईल ती फक्त अक्षरे. सचिवांनी आम्हाला विचारले, "अन् प्रश्नचिन्ह?" आम्ही म्हटले, प्रश्नचिन्हही. फ्लेक्स या वर्षी एकच, लहान. उरलेल्या पैशातून काच आली.

मिरवणुकीत फलकाचा एक बांबू मुलाने धरला. दुसऱ्या बांबूसाठी कुणी लवकर पुढे येईना, तेव्हा तो आम्ही धरला. आमच्या कचेरीतली दोघे-तिघे रस्त्याच्या कडेला उभी होती. आम्हाला त्यांनी पाहिले, आम्ही त्यांना पाहिले. घशाला कोरड पडली होती हे कबूल करतो. शिष्यवृत्ती अजून आलेली नाही. अर्जाची पोच मात्र मुलीने आता लेखी मागून घेतली आहे, तारखेसह.

मुलाच्या आईचा पुण्याचा बेत कायम आहे आणि तिचेही चुकते असे म्हणवत नाही. घर चालायचे कशावर? आम्ही तिच्याकडून एवढेच कबूल करून घेतले आहे, की विजयादशमीपर्यंत तो इथेच राहील. दीक्षाभूमीला जाणाऱ्या आपल्या गाड्यांचे फलक त्याला करायचे आहेत. त्याच्या हाताखाली वस्तीतली सात-आठ पोरे-पोरी रविवारी दुपारी विहारात कात्र्या घेऊन बसू लागली आहेत. गाणे मोबाईलवर चालू असते. आवाज जरा कमी ठेवायला सांगितले आहे, कारण शेजारी आजारी माणूस आहे.

तरी ज्यांच्या घरी जुनी वर्तमानपत्रे, लग्नपत्रिका, औषधांची खोकी, खताच्या पिशव्यांवरचे रंगीत कागद पडून असतील त्यांनी ते रविवारी तीनच्या सुमारास विहारात आणून द्यावेत. 'ज्ञ' आणि 'ळ' ही अक्षरे कमी पडत आहेत, ती मोठी सापडल्यास वेगळी काढून ठेवावीत. डिंकाचे पैसे समितीने मंजूर केले आहेत.